कानवाल्या मॅडम

आमच्या हॉस्पिटलात कुणाला वाईट रिपोर्ट सांगायचा असला की डॉक्टर मला बोलावून घेतात. मी समुपदेशक आहे, तेव्हा ते माझं कामच. पण "पूनम मॅडम फार गोड सांगतात, पेशंट अजिबात घाबरत नाही" असं कुणी माझ्या तोंडावर म्हणालं की माझा जीव खालीवर होतो. अशा वेळी मला मारेके आठवते. तिच्यासमोर कुणी असं म्हणालं असतं तर तिनं तिथल्या तिथे पेन्सिल काढून विचारलं असतं, "गोड म्हणजे किती टक्के सांगितलं?"

मारेके नेदरलँड्सची. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धं झालेलं आणि मधलं एक वर्ष संशोधनासाठी परदेशात काढायचं, म्हणून ती आमच्याकडे आली होती. तिच्या वर्गातले कुणी आफ्रिकेत गेले, कुणी ब्राझीलमध्ये. हिनं चाकण निवडलं. विषय होता पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या कामगारांचे कान. लोखंडी पत्रा दाबून त्याचे गाडीचे भाग काढणारी ही मशिनं दिवसभर धाडधाड आपटत असतात आणि त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांचे कान हळूहळू जातात. ते किती जातात, हे तिला मोजायचं होतं. मी नुकतीच समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसले होते. चाकणजवळच्या गावची, इंग्रजी बऱ्यापैकी आणि ओळखी भरपूर, म्हणून दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी ती कासारवाडीहून बसनं एकटीच आली. सहा फुटांची पोरगी, पाठीवर सॅक, हातात ऐकण्याची चाचणी घ्यायची पेटी. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून आलेली. मी म्हटलं, "खूप त्रास झाला का?" आपण असं विचारतो तेव्हा समोरच्यानं "छे छे" म्हणायचं असतं. ती म्हणाली, "हो, खूप. पाय दुखतात, आणि एका माणसानं पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली." मग पेटी उघडून कामाला लागली. तक्रार नव्हती ती. विचारलं म्हणून उत्तर दिलं होतं.

हे असं तिचं सगळ्याच बाबतीत असायचं. माझ्या चुलतीनं पहिल्यांदा चहा दिला तेव्हा हिनं एक घोट घेऊन, नव्यानं शिकलेल्या मराठीत सांगितलं, "साखर फार आहे." काकीच्या हातच्या चहाला नावं ठेवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. काकी मला आत नेऊन म्हणाली, "ही काय सासू लागून गेली का माझी?" पण पुढच्या वेळेपासून काकी नवा पदार्थ केला की आधी मारेकेला चाखायला द्यायची. "तुमी समदी मेली खोटारडी," असं आम्हाला म्हणायची, "ती खरं काय ते सांगती."

काकीनंच एकदा, आपण म्हणतो तसं, "ये बाई कधीतरी जेवायला" म्हटलं. मारेकेनं डायरी काढली. "कधी? मंगळवारी? सात वाजता?" काकी गडबडून "व्हय व्हय" म्हणाली आणि विसरून गेली. मंगळवारी सातच्या ठोक्याला ही दारात, हातात झेंडूचा हार. फुलं न्यायची असतात एवढं तिला माहीत होतं, आणि कासारवाडीच्या फुलवाल्याकडे त्या वेळी तेवढाच हार उरला होता. काकी केस मोकळे सोडून टीव्ही बघत होती. तिची अशी काही धांदल उडाली की शेवटी तो हार देवाला घालून तिनं घाईघाईनं पिठलं टाकलं. मारेके तीन भाकऱ्या जेवली. जेवल्यावर मला म्हणाली, "तिनं मला बोलावलंच नव्हतं ना? तू मला आधीच का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "असं सांगत नाहीत गं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिच्या वहीत आमच्याबद्दल काय काय लिहिलेलं होतं देव जाणे.

माझं तिचं भांडण व्हायचं ते भाषांतरावरून. कामगार पाच मिनिटं बोलला आणि मी त्याचं एक वाक्य केलं की ती पेन्सिल टेबलावर आपटायची. "पूर्ण सांग." मी म्हणायचे, "अगं, कामाचं तेवढंच होतं." ती म्हणायची, "तो लातूर म्हणाला, लग्न म्हणाला, जावई म्हणाला. यातलं काहीच तुझ्या वाक्यात नाही." मग मला त्या माणसाच्या भाचीचं लग्न कसं मोडता मोडता राहिलं ते सगळं इंग्रजीत सांगावं लागायचं आणि ही ते गंभीरपणे ऐकायची. त्यातूनच एकदा निघालं की लग्नात बँडच्या गाडीशेजारी उभं राहूनही त्या माणसाला तो आवाज मोठा वाटला नव्हता. तिनं ते वहीत अधोरेखित केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन तास निमूट पूर्ण सांगत राहिले.

लग्नाची गोष्ट सांगणारा तो माणूस म्हणजे बालाजीमामा. माझ्या चुलतभावाची, दादाची, प्रेस शॉपची शेड होती. आमची शेती कंपन्यांखाली गेली, उरलेल्या तुकड्यावर दादानं ही शेड टाकली आणि मागच्या बाजूला कामगारांसाठी खोल्यांची एक ओळ काढली. बालाजीमामा लातूरकडून आलेले, शेड टाकली त्या वर्षापासून दादाकडे. प्रेसवर तेच, राहायला आमच्याच खोलीत. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ते ओरडून का बोलतात, याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. मराठवाड्याकडची माणसं असंच बोलतात, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं.

चाचण्या व्हायच्या गुरुवारी. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, मशिनं बंद, आणि कानांनाही रात्रभर आराम मिळालेला असतो. शेडच्या वरच्या ऑफिसात हेडफोन घालून बसायचं, पेटीतून बारीक आवाज आला की बोट वर करायचं. पहिल्याच गुरुवारी मारेके चक्रावली. ज्यांना माझं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, त्यांचे कान पेटीवर एकदम ठणठणीत. दुपारपर्यंत तिनं चोरी पकडली. ती बटण दाबायची तेव्हा तिचं कोपर किंचित हलायचं आणि सगळे जण कोपराकडे बघून बोट वर करत होते. एकमेकांना बाहेर जिन्यावर शिकवूनच पाठवत होते. तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. तरी बालाजीमामा दर दोन-तीन सेकंदांनी अंदाजानं बोट वर करत राहिले. तिनं बटणावरून हात काढून घेतला, तरी बोट वर. मग ती त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "मामा, मी आवाज दिला नाही." मामा खो खो हसले. म्हणाले, "मग आधी सांगायचं की, बाई."

हसले, पण नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, कान गेल्यालं दिसलं तर दादा काडून टाकतील का हो मला?" मी ते मारेकेला सांगितलं. हे मात्र पूर्ण सांगितलं. तिनं त्याच दिवशी नियम केला. निकाल ज्याचा त्याला, बंद दाराआड. मालकाला नाही, मुकादमाला नाही. तिनं दादालाही तोंडावर सांगितलं, "तुला निकाल मिळणार नाही." दादाला अहो-जाहो सोडून कुणी बोलत नव्हतं. पण तिला 'तुम्ही' अजून यायचं होतं. दादा हसला, बरं म्हणाला.

संध्याकाळी त्यानं मला ओट्यावर गाठलं. "पूनम, ती पोरगी वरीसभर ऱ्हाईल आन जाईल. आपल्याला हितंच ऱ्हायचंय. माणसांच्या डोक्यात काय भरवू नको. बालाजी माझा सगळ्यात जुना माणूस हाय, तो प्रेसवरनं उठला तर माझी ऑर्डर बसली." त्यानं धमकी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पुढं जे झालं त्याचं खापर मला दादावर फोडता येत नाही, ते यासाठीच.

निकालाच्या दिवशी बालाजीमामा समोर बसले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मारेकेनं कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि इंग्रजीत सावकाश, थांबत थांबत सांगितलं. उजवा कान जवळजवळ गेला आहे. डावा निम्मा उरला आहे. गेलेलं परत येणार नाही. प्रेसवर राहिलात तर उरलेलंही जाईल, म्हणून दुसरं काम मागा, तोवर रोज इअरप्लग घाला. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न तुम्हाला ऐकू येत नाही. शेडमध्ये चालताना, वाकताना आधी मागे बघा. यात तुमची काही चूक नाही.

एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या दोन क्षणांत माझ्या मनात दादा होता, मामांची लग्नाला आलेली मुलगी होती, आणि हेही होतं की इतक्या साध्या माणसाला सकाळी सकाळी असं काही सांगायचं म्हणजे पाप. आमच्याकडे कुणाला कॅन्सर झाला तरी गाठ म्हणतात. मी त्यांच्या डाव्या बाजूला वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "मामा, कान थोडे कमी झालेत. वयानं होतं तसं. कापूस घालत जा. काळजीचं काही नाही."

मामांचा चेहरा खुलला. त्यांनी आधी मला, मग मारेकेला हात जोडले.

मारेके म्हणाली, "एवढंच? मी खूप बोलले. आणि तो हसतोय."

मी म्हटलं, "मराठीत थोडक्यात होतं. आणि वाईट बातमीला हसून सामोरं जायची आमच्याकडे रीत आहे."

तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या वहीतलं माझ्यामुळे लिहिलं गेलेलं ते एक वाक्य मला आजही फाडून टाकावंसं वाटतं. आमची अशी कुठलीही रीत नाही.

महिन्याभरानं मामा भंगाराच्या पेटीपाशी वाकून पत्र्याचे तुकडे उचलत होते. मागून फोर्कलिफ्ट रिव्हर्स आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, दोनदा दिला. आपला जुना माणूस आहे, सरकेल, असं त्याला वाटलं. चाक डाव्या पावलावरून गेलं. मामांची तीन बोटं काढावी लागली.

मारेके दुपारी हॉस्पिटलात आली. मी आधीच तिथे होते. तिनं मामांचा हात हातात घेतला आणि तिच्या मराठीत विचारलं, "मामा, मी सांगितलं होतं, मागे बघा. हॉर्न ऐकू येत नाही, मागे बघा. हो?"

मामा गोंधळले. "मागं बगा? कोन म्हनलं?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे, पण त्यांना कळलं. दादाच्या शेडमध्ये पोटापाणी आणि आमच्या खोलीत बिऱ्हाड असलेल्या त्या माणसानं, पायाला बँडेज असताना, मला सोडवलं. ते ओरडून म्हणाले, "हाव हाव! ताईनं सांगिटलं होतं की. समदं सांगिटलं होतं. म्याच इसरलो बगा."

जिन्यात आल्यावर मारेकेनं मला थांबवलं. आवाज अगदी साधा होता. "पूनम, तू त्याला पूर्ण सांगितलं होतंस?"

मी म्हणाले, "पूर्ण."

हो म्हणायला मला अर्धा श्वाससुद्धा लागला नाही. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मामांशी बोलताना दया तरी होती, जिन्यात निव्वळ भित्रेपणा होता.

तिच्या विद्यापीठाचा नियम असा की अभ्यासात सामील झालेल्या माणसाला इजा झाली तर कळवायचं. तिच्यावर कुणी आरोप केला नव्हता. तिनं स्वतःच पत्र लिहिलं. त्यात म्हटलं होतं की दुभाषीनं पूर्ण आणि बरोबर सांगितलं होतं. परंतु समोरच्याला ते समजलं की नाही, हे मी त्याच्याकडून परत वदवून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही, चूक माझी आहे. पाठवण्याआधी तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "तुझा उल्लेख आहे. वाच. काही चुकीचं असेल तर दुरुस्त कर."

मी तीनदा वाचलं. दादाच्या शेडचा गट नंबर चुकला होता. तेवढा मी दुरुस्त केला.

तिचा अभ्यास तिथेच थांबवला गेला. वर्ष धरलं जाणार नव्हतं. तिकडे जाऊन तिला पुन्हा दुसरा विषय, दुसरं वर्ष करावं लागणार होतं. हे तिनं मला सांगितलं ते "बस चुकली" म्हणावं तसं. मला मात्र त्याच कामाच्या अनुभवाच्या दाखल्यावर पुढे ही हॉस्पिटलातली नोकरी लागली. दाखला तिनंच दिला होता.

दादा तसा वाईट माणूस नाही. त्यानं मामांना गेटवर बसवलं, अजूनही ते तिथेच असतात. मी गेले की लंगडत उठून उभे राहतात आणि माझ्या आईची खुशाली विचारतात. त्यांची माफी मागायची म्हणून मी किती वेळा गेटपर्यंत गेले आहे. पण त्यांना ऐकू जाण्यासाठी ते ओरडून सांगावं लागेल, आणि तिथे ये-जा असते. असली कारणं मला छान सापडतात.

जायच्या आदल्या आठवड्यात मारेकेनं मला कामाला बोलावलंच नाही. मला वाटलं, आवराआवर चालली असेल. गुरुवारी संध्याकाळी काकीनं आमच्या खोल्यांच्या ओळीत दूध द्यायला पाठवलं, तेव्हा बालाजीमामांच्या दाराबाहेर तिचे ते मोठाले सँडल दिसले. मी दाराशीच थांबले. आत ती मामांच्या डाव्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर कागद, त्यावर मराठीत, कासारवाडीच्या घरमालकीणबाईंकडून लिहून घेतलेली वाक्यं. ती एकेक वाक्य बोटानं धरून मोठ्यानं म्हणत होती. "उजवा कान गेला आहे. तो परत येणार नाही." उच्चार वेडेवाकडे, पण शब्द सगळेच्या सगळे. दर वाक्यानंतर ती थांबायची आणि मामा ते पुन्हा म्हणून दाखवायचे. "उजवा गेला. परत येत नाही." शेवटचं वाक्य होतं, "यात तुमची काही चूक नाही." ते मामांना लगेच म्हणता आलं नाही. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. ती तशीच बसून राहिली, त्यांनी म्हणेपर्यंत.

दारातून बाहेर आली तेव्हा तिला मी दिसले. तिनं सँडल घातले, बक्कल लावलं आणि सरळ उभी राहून माझ्याकडे बघत थांबली. तिला सगळं कळलं होतं. ती रागावलेली नव्हती, वाट बघत होती, आणि कशाची ते मला नेमकं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, "दूध घेतेस का थोडं?"

"नको," ती म्हणाली. "अजून अकरा जण राहिलेत."

तिनं शेजारच्या खोलीची कडी वाजवली. दार उघडलं ते रामकिसननं, तोही प्रेसवरचाच. तिनं कागद वर धरून वाचायला सुरुवात केली, "तुमच्या कानाचा निकाल सांगायला..." रामकिसननं सवयीप्रमाणे तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, काय म्हनत्यात मॅडम?"

मारेके बाजूला सरकली आणि त्याच्या आणि माझ्यामध्ये उभी राहिली.

"माझ्याकडे बघा," ती त्याला म्हणाली. "मी सांगते."